नवी कोरी बंदूक आणि फुसके बार

चकमकीच्या ठिणगीने उडणारी ठासणीची बंदूक घेऊन तीन आठवडे झाले होते आणि एकही बार धड लागला नव्हता. घोडा मागे ओढायचा, चाप दाबायचा, खट्ट! ठिणगी पडली तर पडली, फार तर पॅनमधली (नळीच्या बाजूच्या छोट्या वाटीतली) रंजक, म्हणजे बार पेटवायची चिमूटभर दारू, भुस्सकन पेटायची, धुराचा एक भपका नाकात, आणि नळीतली दारू आपली गप्प. शेजारच्या बेंचवरची मंडळी सभ्य म्हणून हसली नाहीत, पण मला माझंच हसू येत होतं. फुसका बार हा शब्द लहानपणापासून निवडणुकांच्या बातम्यांत वाचत आलोय, त्याचा खरा अर्थ चाळिशीनंतर पेनसिल्व्हेनियात कळला.

बरेच लोक विचारतात की तुला हे कुठून सुचलं, म्हणून आधी तेवढं सांगून टाकतो. आमच्या घरी, म्हणजे कुडाळ तालुक्यातल्या गावी, आजोबांकडे शेतसंरक्षणाच्या लायसनवरची ठासणीची बंदूक होती, टोपीची, म्हणजे केप (घोड्याच्या ठोक्याने पेटणारी धातूची छोटी टोपी) लावून उडवायची. माकडं आणि डुकरं बागेत शिरली की रात्री एक बार काढायचे, तो बहुतेक आवाजापुरताच. निवडणूक आली की बंदूक पोलीस स्टेशनात जमा, निकाल लागला की परत आणायची, ह्या फेऱ्यांमध्ये मी आजोबांबरोबर एसटीने गेलेलो आहे. दारू ओतायची, वर नारळाच्या सोडणाचा बोळा, गजाने ठासायचं, हे सगळं लांबून बघितलेलं, हात कधी लावू दिला नाही.

आता इथे आम्ही राहतो ते गाव लँकेस्टरपासून तासाभराच्या अंतरावर. अठराव्या शतकात इकडे येऊन वसलेल्या जर्मन बंदूकवाल्यांनी त्यांच्या मायदेशातल्या आखूड, जाडजूड रायफलीची नळी लांबवत लांबवत जी सडपातळ लाँग रायफल बनवली ती ह्याच भागातली, जेकब डिकर्टसारख्या कारागिरांची दुकानं लँकेस्टरमध्येच होती. (नाव मात्र झालं केंटकी रायफल. कोल्हापुरी चप्पल बनवायची एकाने आणि नाव लागायचं दुसऱ्या गावाचं, तसलं.) त्या परंपरेला धरून पेनसिल्व्हेनियात १९७४ पासून हरणांच्या शिकारीचा एक वेगळा सीझन असतो, ख्रिसमस झाला की सुरू होतो, बहुतेक ठिकाणी जानेवारीच्या मध्यापर्यंत चालतो, आणि त्यात फक्त चकमकीची बंदूक चालते. केप नाही, दुर्बीण नाही. ऑफिसातला एक सहकारी दरवर्षी जातो, त्याच्याबरोबर दोन वर्षं नुसता चालायला गेलो, बर्फात पाय गारठवून घेतले, आणि तिसऱ्या वर्षी म्हटलं की आता आपली घेऊ.

घेणं सोपं आहे, तेच खरं तर गंडवतं. अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्यात ठासणीची बंदूक अँटिकमध्ये मोडते, त्यामुळे केंद्राच्या कायद्याप्रमाणे एरवी बंदूक घेताना दुकानात भरावा लागतो तो तपासणीचा फॉर्म वगैरे काही नाही, ऑर्डर करा, दारात खोका येऊन पडतो. राज्याराज्याचे नियम मात्र वेगळे, शेजारच्या न्यू जर्सीत हिलाही बंदूक खरेदीचं सरकारी कार्ड लागतं, तेव्हा आपापलं बघून घ्या. हाताने बनवून देणारे कारागीर अजूनही आहेत, पण त्यांची किंमत कैक पट आणि वेटिंग वर्ष-दोन वर्षांचं. म्हणून मी फॅक्टरीची घेतली, पॉइंट पन्नास कॅलिबर (म्हणजे नळीचं भोक अर्धा इंच), युरोपात बनलेली, आठशे डॉलरच्या आतबाहेर. कंपनीचं नाव लिहीत नाही, विचारूही नका, कारण म्हातारबुवा म्हणतात की ह्या किमतीत सगळ्यांचंच थोड्याफार फरकाने असं असतं, आणि मला ते पटलंय.

म्हातारबुवा म्हणजे आमच्या क्लबातले एक गृहस्थ. सत्तरी कधीच ओलांडलेली, आयुष्यभर टूल अँड डाय मेकरचं (कारखान्यातले साचे आणि हत्यारं बनवायचं) काम केलेलं, बोलणं कमी आणि खिशात कायम एक छोटी कानस. त्यांनी माझे तीन-चार फुसके बार बघितले, जवळ आले, आणि पहिला प्रश्न विचारला, खोका उघडल्यावर नळी धुतली होतीस का?

नव्हती धुतली. नवी कोरी बंदूक कशाला धुवायची? तर फॅक्टरीतून निघताना गंज लागू नये म्हणून नळीत आणि कानात चिकट ग्रीस भरलेलं असतं. (कान म्हणजे नळीच्या बाजूचं बारीक भोक, ज्यातून रंजकीची आग आत जाते. इकडे टच-होल म्हणतात. आपला शब्द जास्त चांगला आहे.) मी त्या ग्रीसवरच दारू ओतली होती, म्हणजे दारू पण ओली आणि कान पण बुजलेला. आजोबा केप लावायच्या आधी एक तार घालून फिरवायचे, आणि बार नाही लागला की गडी म्हणायचा, "कान साफ नाय तर बार कसो लागतलो?" हे वाक्य मला तीस वर्षांनी, हजारो मैलांवर, पाइप क्लीनरने काळं ग्रीस उपसताना आठवलं.

तर ही माझी चूक, फॅक्टरीची नाही. हे मुद्दाम सांगतो कारण कंपनीशी भांडायला जायच्या आधी आपल्या बाजूचं सगळं नीट असावं लागतं. नळी आणि कान अल्कोहोलने धुवा, चकमकीची धार बघा, चकमक घोड्याच्या जबड्यात चामड्याच्या तुकड्यात घट्ट बसली आहे का बघा, आणि दारू खरीखुरी काळी दारूच वापरा. दुकानात मिळणारे जे पर्याय आहेत ना, पायरोडेक्स वगैरे, ते पेटायला जास्त उष्णता लागते, केपवर चालतात पण चकमकीवर रडतात. आणि आधुनिक बिनधुराची दारू ह्या बंदुकीत कधीच, चुकूनसुद्धा घालायची नाही, नळी फुटते आणि हात जातो. खरी काळी दारू मिळवणं हा स्वतंत्र विषय आहे. २०२१ मध्ये काळी दारू बनवणाऱ्या गोएक्सचा कारखाना बंद करणार अशी बातमी आली तेव्हा इकडचे लोक साठेबाजीला लागले होते म्हणे, मग तो खेळण्यातली रॉकेट बनवणाऱ्या एस्टीजवाल्यांनी घेतला. मला हे फार आवडलं का कुणास ठाऊक.

एवढं सगळं करूनही ठिणग्या नाहीतच.

मग म्हातारबुवांनी ती खिशातली कानस काढली. चकमक ज्या उभ्या पोलादी पात्यावर घासते त्याला फ्रिझन म्हणतात. ते पातं बाहेरून कडक असायला हवं, तर चकमक त्याचे बारीक कण खरवडते आणि ते कण हवेत जळतात, ठिणगी म्हणजे तेच. ते म्हणाले, कोपऱ्यावर हळूच कानस फिरव. पातं कडक असेल तर कानस काचेवर सरकावी तशी घसरते, मऊ असेल तर चावते. मी फिरवली. चावली. अगदी कर्रकन नाही, पण बोटांना कळलं, आणि कानसेच्या दातांत चंदेरी कीस दिसला. म्हणजे फ्रिझनला पाणीच नीट दिलेलं नव्हतं. कोयत्याला लोहाराने पाणी दिलं नाही तर कोयता जसा दोन दिवसांत बोथटतो तसाच हा प्रकार, चकमक त्यावर नुसत्या रेघोट्या ओढत होती.

आता हे घरी दुरुस्त करता येतं का, तर येतं. फ्रिझन काढून लाल करायचं, लोहचुंबक चिकटेनासं झालं की तेलात बुडवायचं, मग ठिसूळ राहू नये म्हणून ओव्हनमध्ये गवती पिवळ्या रंगापर्यंत थोडं उतरवायचं. म्हातारबुवांच्या गॅरेजमध्ये हे सगळं सामान तयार होतं आणि माझा हात शिवशिवत होता. पण त्यांनी अडवलं. म्हणाले, नवी आहे, वॉरंटीत आहे, तू टॉर्च लावलीस की कंपनी म्हणणार तूच बिघडवलीस. आधी बाकीचं बघू.

बाकीचं बघितलं आणि मग मात्र माझं डोकं फिरलं.

कान चुकीच्या जागी होता. पॅनमध्ये रंजक ठेवतात त्या खळग्याच्या वरच्या काठाच्या रेषेत कानाचं भोक असावं, सूर्य अर्धा उगवलेला दिसतो तसं दिसलं पाहिजे असं इकडचे लोक शिकवतात. माझ्या बंदुकीत सूर्य जवळजवळ मावळलेला होता, बहुतेक सगळं भोक पॅनच्या पोलादाआड. शिवाय भोकही बारीक, १/१६ इंच, म्हणजे सुमारे १.६ मिलिमीटर. अनेक जण ते ५/६४ इंच, म्हणजे साधारण २ मिलिमीटर करून घेतात. भोक मोठं करता येतं, पण ते खाली आहे ह्याचं काय करणार? लॉक (घोडा, फ्रिझन आणि पॅन ज्यावर असतात तो सगळा यंत्रभाग) ज्या खाचेत बसतं ती लाकडातली खाचच वर कोरली गेली होती. ते काय कानसेचं काम नाही.

आणि शेवटी हाफ-कॉक. ही टेस्ट प्रत्येकाने नवी बंदूक हातात आल्या दिवशीच करावी, म्हणून जरा सविस्तर लिहितो. बंदूक रिकामी आहे ह्याची खात्री करायची. गज नळीत सोडला की तळाला टण्ण वाजला पाहिजे, आणि तोंडाशी जिथे येतो तिथे गजावर खूण करून ठेवायची, पुढे ती खूण जन्मभर उपयोगी पडते, बंदूक भरलेली का रिकामी ते तीच सांगते. मग चकमक काढून ठेवायची, घोडा अर्ध्यावर आणून अडकवायचा आणि चाप चांगला जोर लावून दाबायचा. घोडा हलता कामा नये. कारण शिकारीला फिरताना नळी भरलेली, पॅनमध्ये रंजक, आणि घोडा ह्याच अर्ध्या खाचेवर असतो, दुसरं सेफ्टी-बिफ्टी काही नाही. मी दाबला, एकदा धरला, दुसऱ्यांदा धरला, तिसऱ्यांदा सटकून खाली. म्हातारबुवांनी बंदूक माझ्या हातातून घेतली, टेबलावर ठेवली आणि म्हणाले, आता ही भरायची नाही.

ह्यावर त्यांचा नियम साधा होता आणि मी तो तसाच पाळतो. लाकूड घासतंय, नेम चुकतोय, चाप जड आहे, स्क्रू सैल आहे, हे आपण करायचं, कुरकुर करायची नाही. पण नळी, नळीचा मागचा बूच, आणि हाफ-कॉक, ह्या तिघांत खोट निघाली तर हात लावायचा नाही, बंदूक परत.

परत पाठवण्याची कथा सांगायची तर दुसरी पोस्ट होईल. दुकानाने सांगितलं की एकदा बार उडवलेली बंदूक आम्ही परत घेत नाही, कंपनीशी बोला. (बार उडालाच नव्हता हे मी सांगून बघितलं. विनोद कळला नाही.) हे आधीच वाचायला हवं होतं, बहुतेक दुकानांचं हेच असतं, म्हणून वर जे सगळं लिहिलंय ते पहिली चिमूट दारू घालायच्या आधी तपासायचं. कानस फिरवायला दोन सेकंद लागतात, हाफ-कॉकला एक मिनिट, नळीत छोटा लाइट सोडून गंज नाहीतर ओरखडे बघायला आणखी एक. गजाच्या लाकडाचे रेषे लांबीत सरळ जातात का तिरपे निघतात हेही बघा, तिरपे असतील तर ठासताना मोडून हातात घुसतो, तो बदलून टाका सरळ.

कंपनीचा पहिला ईमेल, चकमक बदलून बघा. दुसरा, दारू कुठली वापरता. तिसऱ्याला मी व्हिडिओ पाठवला, रिकाम्या बंदुकीवर नवी कोरी चकमक लावून अंधाऱ्या बेसमेंटमध्ये वीस वेळा घोडा पाडला, त्यात ठिणग्या दिसल्या चार वेळा, मोजून. मग हाफ-कॉक सटकतानाचा वेगळा. त्यावर दोन दिवसांत फोन आला. म्हणे नुसतं लॉक पाठवा, आम्ही नवीन लॉक देतो. मी म्हटलं, नाही, कान लॉकमध्ये नसतो, अख्खी बंदूक घ्या. तिथली बाई सभ्य होती पण तिच्यासमोरच्या स्क्रीनवर बहुतेक कानाचा रकानाच नव्हता. मी एकदा असंही म्हणालो की अहो नळीवर टेस्टिंगचे शिक्के मारलेत ना तुम्ही. आहेत, आणि ते खोटे नाहीत, पण ते शिक्के एवढंच सांगतात की ही नळी जास्तीच्या दाबाला फुटली नाही. बार लागेल असं त्यात कुठेच लिहिलेलं नसतं. हे मला म्हातारबुवांनी नंतर सांगितलं, फोनवर मी उगीच तोंडघशी पडलो.

अख्खी बंदूक गेली. पाच आठवडे. तेवढ्यात ख्रिसमस आला, सीझन सुरू झाला, सहकारी दोनदा जाऊन आला, मी घरी व्हॉट्सअॅपवर बर्फाचे फोटो बघत बसलो. गावी काकांना फोनवर सांगितलं तर त्यांना सगळ्यात मोठं नवल दुसऱ्याच गोष्टीचं, "अमेरिकेत जावन ठासणीची बंदूक घेतलंस? हय लोकांका काडतुसाची होयी आसा!" आणि वर, "नवी कित्याक घेतलंस, जुनी बघूक नाय?" ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

जानेवारीच्या शेवटी खोका परत आला. नवीन लॉक, फ्रिझनवर कानस फिरवली तर मस्त घसरली, कानात नवीन लायनर (मध्ये भोक असलेला बारीक स्क्रू) आणि तो योग्य उंचीवर. हाफ-कॉक हातात धरून बघितला, पक्का. लॉक दस्त्यात बसवलं, स्क्रू आवळला आणि हाफ-कॉक पुन्हा अडकेना! स्क्रू सैल केला की अडकतो, आवळला की नाही. मी दोन मिनिटं नुसता बसून राहिलो.

पण हे कळण्यासारखं होतं. नवीन लॉक जुन्या खाचेत बसवलेलं, आतला सिअर (घोडा अडकवून धरणारा खटका) कुठेतरी लाकडाला टेकत असणार, म्हणजे खोट लॉकची नाही, लाकडाची, आणि ती म्हातारबुवांच्या नियमाने आपण काढायची. कुठे ते शोधायला इकडे एक काळा चिकट रंग मिळतो, तो लोखंडाला लावून बसवायचं, लाकडावर जिथे डाग पडेल तिथे घासतंय. माझ्याकडे तो नव्हता आणि रविवार होता. बायको म्हणाली, काजळ चालेल का? चालेल काय, धावलं! आईने गावाहून पाठवलेली डबी, तूप आणि काजळी, दुसरं त्यात काय असतं. सिअरच्या टोकाला बोटाने लावलं, लॉक दाबून बसवलं, काढलं, आणि खाचेच्या तळाशी तांदळाच्या दाण्याएवढा काळा टिपका. तेवढाच भाग बारीक पटाशीने खरवडला, कागदाइतका पापुद्रा, परत काजळ, परत टिपका, आता अर्धा, परत खरवडला. पाचव्या वेळी टिपका आला नाही. स्क्रू आवळला, घोडा ओढला, खाच बसल्याचा आवाज आला, चाप जोराने दाबला, हलला नाही. वीस वेळा केलं. बायको म्हणाली बंदुकीला दृष्ट लागणार नाही आता.

मग फेब्रुवारीत रेंजवर. सत्तर ग्रेन दारू, म्हणजे साडेचार ग्रॅमच्या आसपास, पॉइंट चारशे नव्वदची शिशाची गोल गोळी तेल लावलेल्या सुती कापडाच्या तुकड्यात, पॅनमध्ये चिमूटभर रंजक. बार लागला. पहिला! रंजक आणि बार वेगवेगळे ऐकू येत नाहीत इतकं एकत्र. खांद्याला धक्का नाही, ढकलल्यासारखं वाटतं, आणि समोर पांढरा धूर, गोळी कुठे गेली ते अर्धा मिनिट कळत नाही.

ती भलतीकडेच गेली होती म्हणा. ५० यार्डांवर सहा इंच खाली. पण ही खोट नाही, आणि ह्यावरून कंपनीला शिव्या घालणारे लोक मी बघितलेत. पुढची माशी (नळीच्या टोकावरचा नेम धरायचा उंचवटा) फॅक्टरी मुद्दाम उंच ठेवते, कारण ती घासून कमी करता येते, वाढवता येत नाही. माशी कमी केली की गोळी वर जाते. हिशोब असा, दोन साइटमधलं, म्हणजे पुढची माशी आणि मागची खाच ह्यांतलं, अंतर माझ्या बंदुकीत ३० इंच, ५० यार्ड म्हणजे १८०० इंच, सहा गुणिले ३० भागिले १८००, म्हणजे एक दशांश इंच घासायचं. एकदम नाही घासायचं. दोन फटके, एक बार, दोन फटके, एक बार.

खरी भानगड कापडाच्या तुकड्यांची निघाली. बार झाल्यावर ते पंधरा-वीस पावलांवर गवतात पडतात, ते गोळा करून बघायचे, डॉक्टरने रिपोर्ट बघावा तसे. माझे सगळे कडेने कापलेले, दोन तर चिंध्याच. नवीन नळीच्या आतल्या आट्यांच्या (गोळीला फिरकी देणाऱ्या पिळाच्या खाचांच्या) कडा धारदार असतात, त्या कापड कापतात आणि गोळी मग मनाला येईल तिकडे जाते. ह्यावर उपाय म्हणजे शंभरेक बार उडवा, आपोआप बसतं, नाहीतर गजाच्या टोकाला भांडी घासायच्या हिरव्या स्क्रबरचा तुकडा गुंडाळून नळीत पन्नास-साठ वेळा वरखाली करा. मी दुसरं केलं, दारू महाग आहे. पुढच्या रविवारी तुकडे अख्खे आले, मध्ये काळा गोल डाग आणि कडा शाबूत.

त्या रविवारी सकाळी साडेनऊला, म्हणजे गावी रात्रीचे आठ, काकांना व्हिडिओ कॉल लावला. फोन बेंचवर उभा केला आणि एक बार काढला. धूर निवळला तेव्हा स्क्रीनवर काका, काकी आणि शेजारचे दोघं, सगळे एकदम बोलत होते. काकांनी बाकीच्यांना गप्प केलं.

"बार बरो लागलो," म्हणाले. "आता गरम पाण्यान धू तिका. उद्या धुतंय म्हणान ठेव नको."

धुतली. तीन पाण्यांनी धुतली तरी चौथ्याला काळं येतच होतं.